परदेशी पाऊल आणि घरचा क्रमांक



मुलगा परदेशी निघाला की आपल्या घरी बॅगेचे वजन चार वेळा केले जाते. खाकरे, पापड, लोणचे, औषधे यांची यादी आईच्या हाती असते आणि कागदपत्रांची फाईल वडिलांच्या. या दोन्ही याद्यांत एक नोंद बहुधा राहून जाते, ती म्हणजे मोबाईलच्या क्रमांकाची. ती आमच्याही घरी राहिली होती. चूक माझी होती, म्हणून आज ती आपणांसमोर मांडतो.

दोन वर्षांपूर्वी आमचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीतील स्टुटगार्ट येथे गेला. निघताना त्याने विचारले, "पप्पा, इथल्या क्रमांकाचे रिचार्ज चालू ठेवू का?" मी उत्तरलो, "जो फोन वाजणारच नाही, त्यावर पैसे कशाला घालवायचे?" आयुष्यभर बँकेत इतरांना काटकसर शिकविणाऱ्या माणसाचे ते उत्तर होते. काही महिन्यांत तो क्रमांक बंद झाला आणि कोणालाही त्याची खंत वाटली नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका रात्री सौभाग्यवतींना अकस्मात जळगावच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. मुलाने तिकडून तत्काळ पैसे पाठवायचे ठरविले. त्याच्या येथील बचत खात्यात पुरेशी रक्कम होती. परंतु बँकेचा ओटीपी बंद पडलेल्या क्रमांकावर जात होता. तो हताश होऊन म्हणाला, "पप्पा, खात्यात पैसे माझेच आहेत, पण मी तो मीच आहे, हे सिद्ध करता येत नाही." रकमेची सोय मी केली आणि ईश्वरकृपेने सौभाग्यवती बऱ्या होऊन घरी आल्या. मात्र त्या रात्रीची मुलाची असहायता मी विसरू शकत नाही. पुढे एकदा सौभाग्यवतींनी सवयीने त्याचा जुना क्रमांक लावला, तेव्हा एका अनोळखी गृहस्थांनी फोन उचलला. तो क्रमांक दुसऱ्याचा झाला होता.

हे टाळण्यासाठी नियम समजून घ्यावेत. 'ट्राय'च्या नियमानुसार प्रीपेड क्रमांकाचा सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि खात्यात किमान २० रुपये शिल्लक नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास देता येतो. वैधता संपल्यावर एसएमएस त्याआधीही थांबू शकतात, म्हणून केवळ शिल्लकेवर विसंबू नये. डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने कंपन्यांना डेटाविना, केवळ कॉल व एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले आणि अशा पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढविली. परदेशी असलेल्या मुलासाठी असाच पॅक योग्य. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, डेटा रोमिंग मात्र बंद ठेवावे. दोन सिमच्या फोनमध्ये एक जागा घरच्या क्रमांकास द्यावी. ई-सिमची सोय असल्यास तिकडचा क्रमांक त्यावर घेता येतो.

बँकेचे कामही त्याच आठवड्यात उरकावे. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीचे येथील साधे बचत खाते 'फेमा' कायद्यानुसार एनआरओ खात्यात रूपांतरित करावे लागते. त्याच वेळी ईमेल व परदेशी मोबाईल क्रमांक नोंदवून घ्यावेत आणि ओटीपी कोठे कोठे मिळेल, हे शाखेत विचारून घ्यावे. परदेशी क्रमांकावर यूपीआय वापरण्याची सोय जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्यात अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आदी १० देश होते. जर्मनीचे नाव त्यात नव्हते. आपला देश यादीत आहे किंवा नाही, हे आधीच पाहावे.

आता तिकडच्या जोडणीविषयी. पोहोचताच दीर्घ मुदतीचा करार करू नये. पहिले काही आठवडे प्रीपेड सिमवर काढावेत. जर्मनीत प्रीपेड सिमसाठीही ओळख पटवावी लागते, तेव्हा पासपोर्ट जवळ असावा. अमेरिकेत मासिक बिलाची जोडणी देताना पुष्कळदा पतइतिहास तपासला जातो. आपला येथील 'सिबिल'चा उत्तम गुणांक तेथे सहसा उपयोगी पडत नाही. नवागताची पत शून्यापासून सुरू होते. तेथेही आरंभी प्रीपेड हाच सोपा मार्ग.

घरच्या इंटरनेटची निवड करताना मासिक दर पाहू नये, संपूर्ण मुदतीची बेरीज करावी. उदाहरणार्थ, एका योजनेत पहिले ६ महिने २० युरो आणि पुढील १८ महिने ४० युरो आहेत; दुसरीत २४ महिने सरसकट ३३ युरो. पहिली स्वस्त भासते. परंतु तिची बेरीज ८४० युरो होते, दुसरीची ७९२. यात जोडणी शुल्क व राउटरचे भाडे मिळवावे, मगच तुलना करावी. कर्जाचा पहिला हप्ता पाहून कर्ज घेऊ नये, हे आम्ही ग्राहकांना सांगत असू. हा न्याय येथेही लागू आहे.

जर्मनीत डिसेंबर २०२१ पासून असा करार आरंभी २४ महिन्यांहून अधिक मुदतीचा नसतो. त्यानंतर तो आपोआप वाढला, तरी एक महिन्याच्या सूचनेने संपविता येतो. १२ महिन्यांचा पर्याय देणेही कंपनीस बंधनकारक आहे. तो मागून घ्यावा. भाड्याचे घर बदलण्याचा संभव असेल, तर कमी मुदतीसाठी थोडा अधिक दर परवडतो. ब्रिटनमध्ये १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत मधली दरवाढ महागाईच्या टक्केवारीत न सांगता पौंड-पेन्समध्ये आधीच लिहावी लागते. अमेरिकेत २०२४ पासून इंटरनेट योजनेसोबत दर, शुल्के व वेग दर्शविणारे माहितीपत्रक देणे आवश्यक आहे. ते वाचल्यावाचून स्वाक्षरी करू नये.

आमच्या मुलाने गेल्या भेटीत शाखेत जाऊन सर्व नोंदी नव्याने केल्या आणि येथील नवा क्रमांक घेतला. त्याच्या रिचार्जची तारीख आता माझ्या रोजनिशीत, विम्याच्या हप्त्याशेजारी लिहिलेली असते. हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्या साडेचार तास मागे असते. जामनेरला रात्रीचे नऊ वाजले की तो कामावरून परतण्याच्या वाटेवर असतो, आणि सौभाग्यवती फोन समोर ठेवून बसलेल्या असतात. रिचार्जचा खर्च वायफळ आहे, असे मी आता म्हणत नाही.