रोलरच्या पूजेनंतरची वही

पावसाळ्याच्या तोंडावर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत मिल रोलरचं पूजन होतं. नारळ फुटतो, हार चढतो आणि येत्या गळीत हंगामात किती टन ऊस गाळायचा, ते जाहीर होतं. त्याच दिवशी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: हे टन पेलणाऱ्या बेअरिंगांनी आजवर किती भार सोसला आहे?

या जिल्ह्याला भाराची ओळख जुनी आहे. 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या पाटाखाली ऊस वाढला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीजवळ सहकारी कारखान्याची चाकं फिरू लागली. जुन्या गिरण्यांचे रोलर गनमेटलच्या बेअरिंगवर, तेलाच्या पातळ थरावर फिरत. पुढे अनेक गिरण्यांत रोलर बेअरिंग आली. घर्षण घटलं, वीज वाचली. पण गनमेटलची झीज मोजता येते, रोलर बेअरिंगचा थकवा मात्र आत लपून वाढतो.

तो का लपतो, याची किल्ली 1881 साली हाइनरिश हर्ट्झ या तेवीस वर्षांच्या जर्मन शास्त्रज्ञानं दिली. काचेची भिंगं एकमेकांवर दाबली की स्पर्शाची जागा कशी चपटते, हे त्यानं गणितानं मांडलं. बेअरिंगमधला रोलर आणि तो ज्या कड्यावर फिरतो ती रेस यांचा स्पर्शही असाच अरुंद पट्टीपुरता असतो, म्हणून तिथला दाब प्रचंड. धातूला आतून कातरणारा ताण सर्वांत जास्त असतो तो पृष्ठभागाच्या किंचित खाली. लाखो फेऱ्यांनंतर तिथल्याच एखाद्या अशुद्ध कणापाशी तडा जन्मतो, वर सरकतो आणि पोलादाची खपली निघते. फिटरला घरघर ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो.

1947 मध्ये लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी या थकव्याचा हिशेब बसवला. त्यावर उभ्या राहिलेल्या नियमाप्रमाणे रोलर बेअरिंगवर भार दुप्पट केला तर आयुष्य सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतं. सव्वापट भारालाही ते निम्म्याहून कमी उरतं. शिवाय हे आयुष्य म्हणजे शंभरातली नव्वद बेअरिंगं टिकतील तेवढ्या फेऱ्या. उरलेली दहा त्याआधीच जातात. त्यात ग्रीसमध्ये पाणी, रस किंवा माती शिरली तर हा हिशेबही टिकत नाही.

हेच गणित उसाच्या ट्रेलरच्या चाकालाही लागू आहे. एका खेपेत जादा भरलेल्या मोळ्यांची किंमत बेअरिंग कितीतरी पटींनी वसूल करतं, आणि ते भर रस्त्यात अडकलं तर चालकाच्या जिवावर बेततं.

म्हणून प्रत्येक कारखान्यानं पूजेसोबत एक वही उघडावी. बेअरिंग कधी बसलं, किती तास फिरलं, किती दाब सोसला, ग्रीस कधी बदललं, हे तिच्यात लिहावं आणि हंगामाचं उद्दिष्ट ती वाचून ठरवावं. शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभ्या राहिलेल्या कारखान्यात शेअरच्या पै-पैचा हिशेब ठेवला जातो. पोलादाच्या थकव्याचाही हिशेब त्याच निष्ठेनं ठेवला पाहिजे.