विश्लेषण : ‘मौत का कुआं’ ते रील... दुचाकीवरच्या कसरतीला विम्याचे कवच का नाही?

सारंगखेडा, मुक्ताईनगर, धुळे, अमळनेर. खान्देशातल्या यात्रांत पाळणे आणि तमाशाच्या तंबूंबरोबर ‘मौत का कुआं’ही अनेक पिढ्यांनी पाहिला आहे. तिकीट काढून, फळ्यांच्या जिन्याने वर जाऊन, खाली वाकून पाहायचा हा खेळ. दुसरीकडे जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर एका चाकावर गाडी पळवून त्याचे रील टाकणारी पोरे वाढली आहेत. एकासाठी ते पोटाचे साधन, दुसऱ्यासाठी ‘व्ह्यूज’चे. अपघात झाला तर दोघांच्या घरच्यांच्या हाती काय पडते? कायदा काय म्हणतो आणि विमा कुठे थांबतो?

हा खेळ आला कुठून?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडी फळ्यांच्या गोल ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती होत. त्याची छोटी, जत्रेत मावणारी आवृत्ती १९११ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर आली. पुढच्या काही वर्षांत ट्रॅकचा उतार वाढत वाढत भिंत थेट उभी झाली. १९२९ मध्ये हा खेळ ब्रिटनमध्ये पोहोचला. भारतात तो जत्रा आणि फिरत्या ‘मेळ्यां’चा भाग बनला. सर्कशीतला जाळीचा ‘मृत्यूगोल’ हा त्याचाच भाऊबंद.

आपल्याकडच्या कुव्यात ‘यामाहा आरएक्स १००’ आणि ‘मारुती ८००’ या गाड्या जास्त दिसतात. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, तरी तिचा मान कमी झालेला नाही. कारण साधे आहे : वजन हलके, उचल जोरदार आणि दुरुस्ती कोणत्याही गावात होते. मडगार्ड, दिवे काढून गाडी आणखी हलकी केली जाते. आवाज वाढावा म्हणून सायलेन्सरही काढला जातो.

उभ्या भिंतीवर गाडी टिकते कशी?

यात जादू नाही, वेग आणि घर्षण आहे. गाडी गोल फिरते तेव्हा भिंत तिला सतत आत ढकलत असते. टायर भिंतीवर जितक्या जोरात दाबला जातो, तितकी त्याची पकड वाढते आणि हीच पकड गाडीला खाली घसरू देत नाही. कुव्याची त्रिज्या ५ मीटर धरली आणि फळ्या कोरड्या असल्या, तर गणिताने ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग किमान लागतो. त्या वेगात स्वाराला स्वतःचे वजन पावणेदोन पट झाल्यासारखे वाटते. नवख्याला भोवळ येते ती यामुळे आणि सततच्या गरगरण्यामुळे.

फळ्या ओल्या झाल्या की पकड घटते. तीच गाडी टिकवायला मग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. म्हणजे दव, पावसाचा शिडकावा, सांडलेले ऑइल किंवा मध्येच बंद पडलेले इंजिन, यांतले एकही कारण पुरेसे आहे. इथे ब्रेक मारून वाचता येत नाही. वेग गेला की भिंतही गेली. हात सोडून, एका बाजूला बसून किंवा प्रेक्षकाच्या हातातली नोट टिपत जाणारा स्वार हे सगळे सांभाळून ते करत असतो.

कुव्यातल्या स्वाराची कारकीर्द कशी असते?

या धंद्याची शाळा नाही. तंबू बांधणे, फळ्या जोडणे, तिकीट फाडणे यापासून सुरुवात होते. मग कुव्याच्या तळाशी, तिरक्या पट्टीवर गाडी फिरवायची. डोके गरगरायचे थांबले की उभ्या भिंतीवर चढायचे. शिकवणारा उस्ताद तोच आणि परीक्षकही तोच.

कामाचे वेळापत्रक पंचांगावर चालते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा. घोडेबाजारामुळे ती देशभर माहीत आहे. महाशिवरात्रीला मुक्ताईनगर, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा. पावसाळ्यात काम जवळपास बंद. नदीपात्रातली मैदाने पाण्याखाली आणि लाकूड ओले. चार महिने हातात जे उरले असेल त्यावर काढायचे. त्यात मनोरंजन मोबाइलवर आले. जी कसरत पाहायला पूर्वी रांग लागायची, तसली शंभर दृश्ये आता फुकट दिसतात. तिकिटाचा दर फार वाढवता येत नाही, म्हणून मग थरार वाढवला जातो : एकाऐवजी तीन गाड्या, त्यात एक मोटार. म्हणजे धोका वाढला, पण मिळकत त्या प्रमाणात वाढली नाही.

कसरतीला प्रतिष्ठा कुठे मिळाली?

जिथे शिस्त आणि संस्था पाठीशी होती, तिथे. लष्कराच्या सिग्नल्स कोअरचे ‘डेअर डेव्हिल्स’ पथक १९३५ पासूनचे. सीमा सुरक्षा दलाच्या महिलांच्या ‘सीमा भवानी’ पथकाने २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी कर्तव्यपथावर (तेव्हाचा राजपथ) पहिल्यांदा कसरती केल्या. लष्कराच्या ‘टॉर्नेडोज’ पथकाने १९ नोव्हेंबर २०१७ रोजी बेंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर एकाच बुलेटवर ५८ जवान बसवून विक्रम केला. या स्वारांना पगार, रुग्णालय आणि निवृत्तिवेतन आहे. महिनोन्‌महिने सराव, ठरलेला मार्ग, मोकळी केलेली जागा आणि बाजूला वैद्यकीय पथक असते.

जगात या पेशाचा सर्वात मोठा तारा ठरला अमेरिकेचा इव्हल निव्हल. ३१ डिसेंबर १९६७ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेससमोरील कारंज्यांवरून त्याने उडी मारली आणि उतरताना तो भीषण आपटला. मे १९७५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर १३ बस ओलांडताना पुन्हा तेच. त्याच्या मोडलेल्या हाडांचीही विक्रम म्हणून नोंद झाली. पण याच माणसाने पुढे हेल्मेट सक्तीच्या कायद्याची उघड बाजू घेतली, हे त्याचे पोस्टर लावणाऱ्यांना सहसा माहीत नसते.

रस्त्यावरच्या कसरतीला कोणती कलमे लागतात?

मोटार वाहन कायद्यात ‘व्हीली’ असा शब्द नाही. त्यामुळे पोलीस वेगवेगळी कलमे एकत्र लावतात :

• कलम १८४, धोकादायक वाहन चालवणे : पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १ ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

• कलम १८९, रस्त्यावर शर्यत : पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

• कलम १९४ डी, हेल्मेट नसणे : दंड आणि ३ महिने परवाना अपात्र.

• कलम १९९ ए, अल्पवयीन चालक : पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द; मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही.

• भारतीय न्याय संहिता, कलम २८१ व १२५ : बेदरकारपणे वाहन चालवणे, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे. कोणाचा मृत्यू झाला तर कलम १०६, ज्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

काही गुन्ह्यांत जागेवर भरायचे तडजोड शुल्क राज्य सरकार ठरवते, म्हणून चलनावरची रक्कम याहून वेगळी असू शकते.

न्यायालयेही कडक झाली आहेत. तमिळनाडूतला लोकप्रिय यूट्यूबर टीटीएफ वासन याचा सप्टेंबर २०२३ मध्ये चेन्नई-बेंगळुरू महामार्गावर कसरत करताना अपघात झाला. मद्रास उच्च न्यायालयाने जामीन नाकारताना त्याचे चॅनेल बंद करावे, गाडी जाळावी, इतक्या कडक शब्दांत सुनावले. त्याचा परवाना १० वर्षांसाठी गेला. लाखोंचे सुरक्षा पोशाख घालून तो वाचला, पण त्याचे पाहून साध्या शर्टात तेच करणाऱ्या पोरांचे काय, हा न्यायालयापुढचा खरा मुद्दा होता.

विमा नेमका कुठे थांबतो?

इथे अनेक कुटुंबांचा गैरसमज असतो. गाडीचा ‘थर्ड पार्टी’ विमा हा समोरच्यासाठी असतो. कसरत करणाऱ्याच्या धडकेत रस्त्यावरचा माणूस जखमी झाला तर त्याला भरपाई मिळते. परवाना नसण्यासारखा अटींचा भंग असेल, तर विमा कंपनी तो पैसा गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे पोराच्या रीलचे बिल बापाच्या शेतावर येऊ शकते.

स्वतः चालकाचे काय? २ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात, स्वतःच्या बेदरकार चालवण्यामुळे मरण पावलेल्याच्या वारसांना भरपाई नाकारणारा निर्णय कायम ठेवला. २०१४ च्या त्या अपघातात कुटुंबाने ८० लाख रुपये मागितले होते. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच वेगळे असते, पण त्याला वैध परवान्याची अट आहे. शर्यत किंवा वेगाची चाचणी यासाठी केलेला वापर तर नेहमीच्या वाहन पॉलिसीत वगळलेलाच असतो.

कुव्यातल्या स्वाराची अडचण याहून मोठी. मोटार वाहन कायद्याचा सगळा डोलारा रस्ता आणि सार्वजनिक जागेवर उभा आहे. तंबूतली लाकडी भिंत त्यात सहज बसत नाही. रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ मध्ये लागू झालेली दीड लाखांपर्यंतची विनारोकड उपचार योजनाही रस्त्यावरच्या अपघातासाठी आहे. मालकाकडे हजेरीपट किंवा लेखी करार नसेल, तर हा माणूस कामावर होता हेच आधी सिद्ध करावे लागते. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरती आहे. पाय मोडून सहा महिने घरी बसलेल्याला तिचा उपयोग नाही, आणि या धंद्यात नेहमीची दुखापत तीच.

मग करता काय येईल?

यात्रेतल्या खेळांना परवानगी देण्याचे नियम महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली करता येतात. जागा ग्रामपंचायत किंवा पालिका देते. म्हणजे यंत्रणा आहे. तपासणीचा भर मात्र तंबू आणि प्रेक्षकांच्या सुरक्षेवर असतो. परवानगीच्या कागदांत आणखी तीन गोष्टी मागता येतील : स्वारांच्या नावानिशी सामूहिक अपघात विमा, ज्यात हा धोका स्पष्टपणे समाविष्ट असेल, हेल्मेट, आणि फळ्या ओल्या असतील तर खेळ बंद. मोठ्या यात्रेच्या उलाढालीत हा खर्च मालकाला किंवा यात्रा समितीला पेलणारा आहे.

रस्त्यावरच्या पोरांना नुसत्या चलनाने थांबवता येणार नाही. गाडीवर हात असलेल्यांना देशात परवानाधारक मोटारस्पोर्टचा मार्ग आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात व्यावसायिक सुपरक्रॉस लीगची फेरी झाली. खान्देशातल्या तरुणाला तसा सराव करायला जवळ बंदिस्त मैदान हवे.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि हेल्मेट न घातल्याने दगावलेले ५० हजारांहून जास्त. त्यांतले बहुतेक कसलीही कसरत करत नव्हते. शेतावर, कॉलेजला किंवा बाजाराला निघाले होते. एमएच १८ असो की एमएच १९, गाडी घराबाहेर काढण्यापूर्वी आजच तीन कागद तपासा : चालकाचा परवाना, विम्याची मुदत आणि पॉलिसीत वैयक्तिक अपघात कवच आहे की नाही. मोबाइलवरच्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये पहिले दोन पाच मिनिटांत दिसतात. तिसऱ्यासाठी पॉलिसीचे पान उघडून वाचावे लागते.