अनोळखी लिपी म्हणजे कुलूप नव्हे

२०२३ च्या अखेरीस हिंगोली जिल्ह्यातली जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली. न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध चालू होता. खासरा पत्रके, कोतवाल बुके, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या; त्यांतल्या काही मोडीत, काही उर्दूत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा यात नवल नाही. या कागदांना कुणी कुलूप घातले नव्हते, गुप्ततेचा शिक्का मारला नव्हता. ते रुमालात बांधून कपाटात पडून होते आणि वाचणारी माणसे संपत आली म्हणून बंद झाल्यासारखे वाटत होते. लिपीचे जाणकार येऊन बसले, तशी त्याच पानांतून नावे, जाती आणि साले निघू लागली.

हा ताजा अनुभव गाठीशी असलेल्या जिल्ह्याने आता आपल्या संगणकांकडेही त्याच नजरेने पाहावे. तहसील असो, पंचायत समिती असो, शाळा, पतसंस्था किंवा वसमतच्या बाजारातली हळदीची अडत असो, ‘संगणकाला पासवर्ड आहे’ एवढ्यावर सगळे निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे कुलूप, असा समज पक्का आहे. तो समज चुकीचा आहे.

विंडोजच्या संगणकावर कोणाकोणाची खाती आहेत आणि त्यांचे पासवर्ड काय, याची वही ‘सॅम’ नावाच्या एका फाइलीत असते. विंडोज चालू असताना ही फाइल उघडता येत नाही, तिची साधी नक्कलही करता येत नाही. म्हणून ती सुरक्षित वाटते. पण हा पहारा विंडोजचा आहे आणि विंडोज जागे असेपर्यंतच तो चालतो. तोच संगणक पेनड्राइव्हवरच्या लिनक्स या दुसऱ्या प्रणालीने सुरू केला, किंवा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की पहारेकरी झोपलेला असतो आणि वही टेबलावर पडलेली असते. विंडोजची डिस्क लिनक्सला फार वर्षांपासून वाचता येते. २०२१ साली तर वाचण्या-लिहिण्याची पुरी सोय लिनक्सच्या गाभ्यातच आली. सॅम फाइल सरळ अक्षरांत नसते, तिच्यावर एक सांकेतिक आवरणही असते; पण त्या आवरणाची किल्ली शेजारच्याच ‘सिस्टिम’ नावाच्या फाइलीत, त्याच डिस्कवर ठेवलेली असते. घराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यापाशी ठेवावी, तसे हे.

आणखी एक उणीव आहे आणि ती आपल्याकडे जास्त बाधते. फाइलीत पासवर्ड जसाच्या तसा नसतो, त्याचा गणिताने काढलेला ठसा असतो. ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही, मात्र अंदाज करून पडताळता येतो. लिनक्सआधीच्या युनिक्स प्रणालीवाल्यांनी हा धोका फार आधी ओळखला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवले, की प्रत्येक पासवर्डात यंत्राने आपल्या मनाची एक चिमूट घालावी, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे वेगळे पडतील. या चिमटीला ते ‘मीठ’ म्हणतात. विंडोजच्या खात्यांच्या वहीतला ठसा आजही अळणी आहे. एकच पासवर्ड कुठल्याही विंडोज संगणकावर ठेवा, ठसा तोच. आणि आपल्या कार्यालयांत काय चालते? संगणक बसवून देणारा माणूस सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड घालून जातो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. म्हणजे भंगारात गेलेल्या एका डिस्कवरून चालू असलेल्या दहा यंत्रांचे दार कळू शकते.

लिनक्सने सगळे सुटते असे मी म्हणत नाही. तिथली खात्यांची यादी साध्या मजकुराची असते. ओळीला एक खाते, सात रकाने, मध्ये अपूर्णविरामासारखी दोन टिंबे. ती त्या यंत्रावर कोणीही वाचू शकतो आणि ते योग्यच आहे, कारण कुठली फाइल कोणाची हे दाखवायला प्रत्येक प्रोग्रामला नावे लागतात. गुपित तेवढे, म्हणजे ठसे, ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवले, जी फक्त मुख्य चालकाला उघडते. सातबाऱ्याचे चावडी वाचन सर्वांसमोर व्हावे आणि सहीचे नमुने तिजोरीत राहावेत, इतकी ही सरळ विभागणी आहे. फ्रीबीएसडी या तशाच प्रणालीत शोध वेगाने व्हावा म्हणून खात्यांची वेगळी डेटाबेस फाइल बनते, पण ती बनते साध्या मजकुराच्या मूळ फाइलीवरूनच. मॅकमध्ये प्रत्येक खात्याची वेगळी फाइल. मांडणी कुठलीही असो, डिस्क दुसऱ्या यंत्राला लागली की शॅडोचा पहाराही विंडोजच्या पहाऱ्याइतकाच निरुपयोगी. लिनक्समध्ये तर फाइलीवर मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. या यंत्रावरचा १००० क्रमांक अव्वल कारकुनाचा असेल, तर दुसऱ्या यंत्रावरचा १००० ज्याचा, तो त्या डिस्कवरच्या फाइलींचा मालक ठरतो. त्याला पासवर्ड फोडावा लागत नाही, काही चोरावे लागत नाही.

मोडीसारखेच आहे हे. ज्याला येत नाही त्याला बंद, ज्याला येते त्याला उघडे.

हे आत्ताच सांगण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर विंडोज ११ चढत नाही. त्याला टीपीएम नावाची नवी चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. साहजिकच जडसंग्रह नोंदवहीतले संगणक निर्लेखित होतील, त्यांचे लिलाव होतील, ते भंगारात किंवा दुरुस्तीच्या दुकानात जातील. त्यांच्या डिस्कवर फक्त पासवर्डांचे ठसे नसतात. लाभार्थ्यांच्या याद्या, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती, पीककर्जाचे अर्ज, बँक खात्यांचे क्रमांक, शाळेतल्या मुलींचे फोटो आणि जन्मतारखा, हे सगळे असते. २००३ मध्ये सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलट या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी बाजारातून घेतलेल्या जुन्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचता आलेल्या १२९ डिस्कांपैकी नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. बाकीच्यांत लोकांचे व्यवहार, पत्रे, औषधपाणी तसेच पडून होते. तिथे ही गत. आपल्याकडे तर ‘फॉरमॅट मारला’ म्हणजे पुसले, अशीच समजूत आहे. साधे फॉरमॅट बहुतेक वेळा अनुक्रमणिका फाडते, पाने तशीच राहतात.

खरे कुलूप एकच: पूर्ण डिस्क सांकेतिक करणे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, लिनक्समध्ये लक्स, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. अशी डिस्क कुठल्याही यंत्राला जोडा, किल्लीशिवाय तिथे नुसता गोंधळ दिसतो. एक खबरदारी मात्र घ्यावीच लागते. बिटलॉकरची ४८ अंकी परतीची किल्ली कागदावर लिहून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवली पाहिजे, नाहीतर यंत्र बिघडल्यावर आपलेच दप्तर आपल्याला बंद होईल. बदली होऊन गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. चार्ज यादीत कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि पावती पुस्तके मोजून घेतो, तिथे संगणकाच्या खात्यांची ओळ आजही नसते. हा दोष कर्मचाऱ्यांचा नाही, नमुन्याचा आहे. नमुना वरून बदलून आला तर खालचा माणूस तो भरतो.

कायदाही आता या बाजूला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण दंड झाला तरी सेनगावच्या एखाद्या विधवेच्या खात्यातून गेलेले निराधार योजनेचे पैसे परत येतीलच असे नाही. ती बाई कार्यालयाच्या खिडकीत कागद देते तेव्हा डिस्क, फाइल, ठसा यांतले तिला काही ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ते ठाऊक असणे हे कागद घेणाऱ्याचे काम आहे.

जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद यांना एवढीच विनंती: यापुढच्या निर्लेखनाच्या प्रस्तावात प्रत्येक संगणकापुढे एक रकाना वाढवा. डिस्क काढून घेतली का, पुसली की फोडली, कोणत्या तारखेला, आणि खाली सही कोणाची. तो रकाना भरल्याशिवाय एकही संगणक लिलावाच्या टेम्पोत चढू देऊ नका.