बिब्बाही नैसर्गिकच असतो!

"शंभर टक्के नैसर्गिक, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य!" हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा लिहिलं, त्याला माझ्यातर्फे एक बिब्बा भेट. अस्सल झाडावरचा, विनारसायन. फोडून गालावर चोळावा आणि वीस मिनिटं शांत पडून राहावं. (खरंच करू नका हो! बिब्बा उतला की काय होतं ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा.) परीट कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे त्या याच बिब्ब्याच्या तेलाने. खाजकुयली नैसर्गिक. रुईचा चीक नैसर्गिक. थोडक्यात, 'नैसर्गिक' हा शब्द वस्तू कुठून आली ते सांगतो. ती तोंडाला लावल्यावर काय होईल यावर तो अवाक्षरही काढत नाही. अमेरिकेच्या एफडीएनेसुद्धा सौंदर्यप्रसाधनांसाठी 'नॅचरल' या शब्दाची कायदेशीर व्याख्या केलेली नाही. तेव्हा या शब्दाला सर्टिफिकेट समजायचं कारण नाही.

आता कुणी म्हणेल, विकांताला हा माणूस फेसपॅकवर का घसरला? कारण सणावाराच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर दर वर्षी तीच ढकलपत्रं फिरतात. पूर्वी ती मेलमधून यायची, आता व्हॉट्सॅपवर आणि रीलमधून येतात. मजकूर मात्र चोप्य-पस्ते तोच. आमच्या नात्यातल्या एका मुलीने साखरपुड्याच्या आठ दिवस आधी 'उजळपणासाठी' लिंबू आणि खायचा सोडा लावला आणि दुपारी उन्हातून खरेदीला गेली. गालावर उठलेले काळे डाग लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा दिसतात. ज्या मावशींनी तो मेसेज पुढे ढकलला होता, त्यांनी नंतर "तिला उष्णतेचा त्रास आहे" असं निदानही करून टाकलं!

तर आधी लिंबूच घेऊ.

लिंबाच्या रसाचा पीएच साधारण 2 ते 2.5. निरोगी त्वचेचा 4.5 ते 5.5 च्या आसपास. पीएचची मोजपट्टी दसपटीची असते, म्हणजे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. तीनचा फरक धरला तर लिंबू त्वचेपेक्षा हजारपट आम्ल झालं. आणि खायच्या सोड्याचं पाणी जातं दुसऱ्या टोकाला, 8 च्याही वर. दोन्ही एकत्र केले की जे फसफसतं ते बघून लोकांना वाटतं की रंध्रांमधली घाण निघतेय. काही निघत नाहीये! आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायॉक्साइड सुटतो, बस्स. शाळेत विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी करायचो तोच हा प्रयोग, फक्त इथे ज्वालामुखीच्या जागी तुमचा गाल आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लिंबूवर्गीय फळांमध्ये, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते, कधी फोड येतात आणि नंतर काळपट डाग पडतात. ते जायला आठवडे लागतात, कधी महिने. यात सर्वांत बदनाम फळ म्हणजे इंग्रजीतलं 'लाइम'. आणि गंमत बघा, इंग्रजी लेखात 'लेमन' असतं, मराठी भाषांतरात ते 'लिंबू' होतं आणि आपण मंडईतून जे कागदी लिंबू आणतो ते असतं लाइम! म्हणजे मूळ सल्लाच धोक्याचा, त्यात भाषांतराने आणखी भर घातली.

"पण लिंबात व्हिटॅमिन सी असतं ना?" असतं की. शंभर ग्रॅम रसात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 ते 0.05 टक्के. बाजारातल्या व्हिटॅमिन सीच्या सीरममध्ये ते बहुधा 10 ते 20 टक्के असतं. गणित तुम्हीच करा. ते लिंबू पिळून वरणभातावर घ्या, तिथे त्याचा उपयोग आहे.

आता ठरलेला प्रश्न येणार: "म्हणजे आपली आजी मूर्ख होती का?"

अजिबात नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आजी शहाणी होती, तिच्या नावाने मेसेज फिरवणारे नाहीत. दिवाळीचं अभ्यंगस्नान आठवा. आधी तेल. ते अंगात मुरेपर्यंत चोळायचं. मग उटणं. ते कालवायचं, अंगाला लावायचं, हलकं चोळायचं आणि लगेच ऊन पाण्याने धुवायचं. उटण्याचं काम काय, तर जास्तीचं तेल आणि मळ उचलणं. तेलाचा थर असल्यामुळे पूड त्वचेला ओरबाडत नाही, आणि थंडीच्या सुरुवातीला कातडी कोरडीही पडत नाही. हे सगळं पहाटे, सूर्य उगवायच्या आत. यात कुठेही 'पॅक कडक वाळेपर्यंत अर्धा तास ठेवा' हा प्रकार नाही. 'रोज करा' तर नाहीच नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लोकांनी प्रोग्रॅम फेकून दिला आणि फक्त व्हेरिएबलची यादी फॉरवर्ड केली. बेसन, हळद, चंदन, मुलतानी माती... यादी तीच. पण किती, कशात, कशानंतर, किती वेळ, धुवायचं कसं, हे गायब! आणि त्वचेचं भलंबुरं ठरतं ते बऱ्याच अंशी या गायब भागात.

परंपरेचा झेंडा मिरवणाऱ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे हळदीचं पेटंट. तेही बघू. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ती लढाई जिंकली कशी? "आमची आजी म्हणायची" एवढ्यावर नाही, तर जुने संस्कृत संदर्भ आणि 1953 सालचा एक छापील शोधनिबंध पुढे ठेवून. म्हणजे पुराव्याने! आणि मुद्दा होता जखमेचा, गोरेपणाचा नव्हे. शिवाय आजच्या हळदीत लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलोची भेसळ केल्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघडकीला आलेले आहेत. 'जितकी पिवळीधमक तितकी चांगली' हा निकष त्यामुळे पार उलटा पडू शकतो.

मुलतानी मातीचंही तसंच. ही माती तेल शोषते हे शंभर टक्के खरं. इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात, कारण लोकरीतलं तेल काढायला विणकरांकडचे कारागीर ती वापरत. तेलकट चेहऱ्याला पंधरा दिवसांतून एकदा लावली तर बरंच वाटेल. पण ती 'विषारी द्रव्यं खेचून बाहेर काढते' ही शुद्ध थाप. त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंड नेमलेली आहेत, गालाकडे ते खातं नाही. आणि माती पूर्ण वाळून भेगा पडल्या की जो ताण जाणवतो, तो 'त्वचा घट्ट होतेय' म्हणून नव्हे, तर वाळणारी माती आकसतेय आणि त्वचेचा ओलावा घेतेय म्हणून. कोरड्या त्वचेच्या माणसाने ती लावणं म्हणजे दुष्काळात बोअर मारणं.

असो. नुसतं नाही-नाही म्हणून भागत नाही. ज्यांना लेप लावायचाय त्यांनी खुशाल लावावा, त्यात सुखही आहे. फक्त कृती नीट असावी, आणि नीट कृती सोपीसुद्धा असते. माझ्या मते ती अशी:

1. कोरडी पूड (बेसन, माती, दळलेले ओट्स, जे काय असेल ते) कोरड्या बरणीत ठेवा. कालवायची ती एका वेळेपुरती, चमचाभर. पाणी घातलेला लेप फ्रिजमध्ये चार दिवस ठेवू नका. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, जंतूंना मेजवानी आहे.

2. कालवायला साधं पाणी किंवा ताजं, फार आंबट न झालेलं दही. लिंबू नाही, सोडा नाही, टूथपेस्ट तर मुळीच नाही. (हो, तेही फिरतं!) कच्च्या पपईचा चीकही नको. त्यातल्या पपेनची काहींना जोरदार ॲलर्जी असते.

3. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट बघा. आम्ही दोन ओळी बदलल्या तरी टेस्टिंगशिवाय सोडत नाही, इथे तर स्वतःचं तोंड आहे आणि बॅकअप नाही.

4. लावायला बोटांपेक्षा चपटा मऊ ब्रश बरा. थर पातळ आणि सारखा बसतो, नखाखाली हळद राहत नाही. डोळे आणि ओठ सोडून द्या.

5. लेप पातळ होऊन गळ्यावर ओघळत असेल तर औषधाच्या दुकानातलं गॉज किंवा जुन्या मलमलीचा तुकडा त्यात भिजवून चेहऱ्यावर पसरा आणि आडवे व्हा. बाजारातल्या शीट मास्कची युक्ती हीच: भिजलेलं कापड बाष्पीभवन अडवतं. तेवढ्यासाठी दर वेळी एक पाकीट कचऱ्यात टाकायची गरज नाही.

6. दहा मिनिटं पुरे. कडा वाळायला लागल्या की काढा. खरवडून नाही, ओल्या कापडाने टिपून. मग लगेच मॉइश्चरायझर.

7. वेळ संध्याकाळची. दाढी, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केल्याच्या दिवशी नको. फुटकुळ्या, इसब किंवा जखम असेल तर लेप नको, त्वचेचा डॉक्टर हवा.

बघा, यात महाग काहीच नाही. आणि स्वयंपाकघरातलं सगळंच वाईट असतं असंही मी म्हणत नाहीये. अगदी बारीक दळलेल्या ओट्सना एफडीएने 2003 साली त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. ओट्सही नैसर्गिकच की! पण ती मान्यता 'नैसर्गिक' म्हणून नाही मिळाली, तपासून मिळाली. माझा सगळा वाद या एका वाक्यात आहे.

आता खरं दुखणं. हे मेसेज चालतात ते त्वचेच्या आरोग्यावर नाही, 'गोरं' या शब्दावर. 1975 साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने 2020 मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. एवढ्या मोठ्या कंपनीलासुद्धा तो शब्द पाटीवरून उतरवावा लागला. आपल्या घरगुती पाककृतींमध्ये मात्र तो 'उजळ', 'निखार', 'टॅन जाणे' अशी कपडे बदलून आरामात नांदतोय. कुठलंही बेसन जन्मजात रंग बदलत नाही. मळ आणि तेल निघून दोन तास चेहरा तुकतुकीत दिसतो, इतकंच. कंपनीच्या क्रीमला विरोध करायचा आणि तेच वचन वाटीत कालवून पोरीच्या हातात द्यायचं, याला परंपरा म्हणत नाहीत.

लग्नाच्या हळदीत नवऱ्याचीच उष्टी हळद नवरीला लागते. तिथे कुणी कुणाला गोरं करत नसतं, तो सोहळा असतो. लेपही तसाच लावावा, मजेसाठी. आणि पुढच्या वेळी "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असा मेसेज आला, तर ढकलणाऱ्याला एवढंच विचारा: किती, कशात, किती वेळ? उत्तर नसेल तर मेसेज तिथेच थांबवा.