वाडीतली हवा आणि चॅनेलची रुंदी

बिनतारी जाळ्याच्या कामात ‘रेंज येत नाही’ आणि ‘स्पीड येत नाही’ या दोन तक्रारी एकाच दमात केल्या जात असल्या, तरी त्यांची कारणे पुष्कळदा परस्परविरुद्ध असतात, आणि गिरगावातल्या फणसवाडीसारख्या दाट वस्तीत तर रेंज गरजेपेक्षा जास्त असणे हेच स्पीड न मिळण्याचे मुख्य कारण ठरते. अशा वस्तीत राउटर बसवणारा कारागीर वायर नीट ओढतो, फायबरचा जोड स्वच्छ करतो, पासवर्ड घालून देतो आणि निघतो. चॅनेलची रुंदी मात्र कारखान्यातून आली तशीच राहते, आणि ती बहुधा असेल तितकी मोठी असते, कारण खोक्यावर छापलेला वेगाचा आकडा त्याच रुंदीवर बेतलेला असतो.

रुंदी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. कोणताही रेडिओ एकाच नेमक्या वारंवारतेवर प्रक्षेपण करीत नाही. तो मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेला एक पट्टा व्यापतो, आणि त्या पट्ट्याची लांबी मेगाहर्ट्झमध्ये मोजली की ती चॅनेलची रुंदी होते. एफएम रेडिओचा सबंध डायल ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे २० मेगाहर्ट्झचा असून मुंबईतली झाडून सगळी एफएम केंद्रे त्यात सुखाने मावतात. वायफायचे नेहमीच्या वापरातले सर्वांत अरुंद चॅनेल एकटेच तेवढी जागा घेते, ८० मेगाहर्ट्झचे चॅनेल असे चार डायल व्यापते आणि १६० मेगाहर्ट्झचे आठ. (लिलावाच्या बातम्यांत या लहरींना ‘ध्वनिलहरी’ म्हणण्याचा प्रघात मराठी वृत्तपत्रांत पडला आहे, त्या ध्वनीच्या नाहीत, रेडिओच्या आहेत, आणि निदान या व्यवसायातल्या माणसाने तरी तो शब्द टाळावा.)

वायफायच्या लहरींचा लिलाव होत नाही, हेच त्यांचे बळ आणि हीच त्यांची अडचण. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला आणि ४ वॅटपर्यंतच्या परिणामी प्रक्षेपणशक्तीला मुभा मिळाली. पुढे २२ ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग घराबाहेरच्या वापरासह खुला झाला. कायद्याने घातलेली ही कमाल मर्यादा दहा बाय बाराच्या खोलीत काय शोभते याबद्दल अर्थातच काही सांगत नाही.

चाळीची बांधणी इथे महत्त्वाची ठरते. विटांच्या भिंती, लाकडी तुळया, फळ्यांची जमीन, खोल्यांमधली पातळ पडदी आणि सर्वांना जोडणारी गॅलरी या रचनेत लहरींना अडवणारे फार थोडे असते, वीट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचे अंदाजे सहा ते आठ डेसिबल खाते, आणि लाकडी तक्तपोशी त्याहूनही कमी. साधारण राउटर २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॅट शक्तीने बोलतो असे धरले, तर चार मीटरवरच्या मोबाइलपर्यंत मोकळ्या हवेतली घट सुमारे ५२ डेसिबल होते आणि मोबाइलला उणे ३२ डीबीएमचा सिग्नल मिळतो, जो त्याच्या गरजेच्या हजारपट आहे. दोन भिंती पलीकडच्या, आठ मीटरवरच्या बिऱ्हाडातही तोच सिग्नल उणे ७४ किंवा उणे ८० नव्हे, तर उणे ५५ डीबीएमच्या आसपास पोहोचतो. शक्ती दहा डेसिबलने उतरवली, तरी स्वतःच्या खोलीत उणे ४२ डीबीएम उरतो आणि त्यात काहीही बिघडत नाही. तरीही ‘ट्रान्समिट पॉवर’ची ती खूण ‘हाय’वरून ‘लो’वर आणणारा कारागीर विरळा, कारण गिऱ्हाइकाला मोबाइलवरच्या कांड्या कमी झालेल्या खपत नाहीत.

शेजाऱ्याचा सिग्नल पोहोचल्याने नुकसान कसे होते, हे वायफायच्या बोलण्याच्या रीतीत दडलेले आहे. त्या रीतीत प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकते. आपल्याच चॅनेलवर दुसऱ्याच्या बोलण्याची सुरुवात ओळखू आली, तर ती उणे ८२ डीबीएम इतकी क्षीण असली तरी ते थांबते. दुसरे उपकरण त्याच चॅनेलवर नसून थोडे सरकलेले असेल, तर मात्र त्याचे बोलणे भाषा म्हणून कळत नाही, ते नुसता गोंगाट म्हणून कानावर पडते, आणि अशा गोंगाटासाठी थांबण्याचा उंबरठा उणे ६२ डीबीएम, म्हणजे शंभरपट वर असतो. मधल्या वीस डेसिबलच्या पट्टीत दोघेही एकमेकांना न जुमानता बोलतात आणि दोघांचेही संदेश नासतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा चॅनेलांचे मध्यबिंदू फक्त ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने मांडलेले असून प्रत्येक चॅनेल २० मेगाहर्ट्झ व्यापते, त्यामुळे १, ६ आणि ११ अशी तीनच एकमेकांना न शिवता राहू शकतात. मोबाइलवरच्या आलेखात या तीन ठिकाणी कमानींची गर्दी आणि ३ किंवा ८ वर मोकळी जागा पाहून जो कारागीर राउटर तिथे नेऊन ठेवतो, तो हेतूने चांगला असूनही दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे आणि आपल्या गिऱ्हाइकाचेही नुकसान करतो. गर्दीच्या चॅनेलवर रांगेत उभे राहणे हे रांगेच्या मध्ये घुसण्यापेक्षा केव्हाही परवडते.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवणे, ही सोय ८०२.११एन मानकाने २००९ मध्ये दिली. गॅलरीतल्या वाळवणाच्या दोरीवर प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याची जागा ठरलेली असते, आणि तिथे एकाने नऊवारी पसरून टाकली की बाकीच्यांचे पंचे बादलीतच राहतात. साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झचे एक चॅनेल नेमके हेच करते. चाळीत ती सोय वापरू नये, एवढेच त्याबद्दल पुरेसे आहे. श्रावण-भाद्रपदात मंडपातल्या बिनतारी कॅमेऱ्यांची आणि ब्लूटूथ स्पीकरांची भर पडते, तेव्हा हा पट्टा मुळातच दाटलेला असतो.

त्याच पट्ट्यातला एक अदृश्य खर्च फार थोडे लोक मोजतात. प्रत्येक राउटर आपले नाव जाहीर करणारा ‘बीकन’ हा छोटा संदेश दर १०२.४ मिलिसेकंदांनी पाठवतो, आणि जुन्या उपकरणांनाही तो कळावा म्हणून तो बहुधा सर्वांत मंद, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट वेगाने पाठवला जातो. अडीचशे बाइटांच्या बीकनला त्या वेगाने सुमारे २.२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे चॅनेलवरचा दोन टक्क्यांहून किंचित अधिक वेळ कोणी काहीही न पाहता, न ऐकता खर्च होतो. एका मजल्यावर दहा बिऱ्हाडे आणि चार मजले अशी चाळ कल्पिली, तर चाळीस राउटर तीन चॅनेलांवर वाटले जाऊन प्रत्येक चॅनेलवर तेरा-चौदा येतात आणि त्यांचे बीकनच तीस टक्के वेळ खातात. प्रत्येकाने ‘गेस्ट’ नावाचे दुसरे जाळे चालू ठेवले असेल, तर हा खर्च साठ टक्क्यांवर जातो. जुन्या ८०२.११बी मानकाचा आधार सेटिंगमधून काढून टाकला आणि किमान वेग ६ मेगाबिट केला, तर तोच बीकन एक तृतीयांश मिलिसेकंदात आटोपतो आणि चौदा जणांचा मिळून खर्च पाच टक्क्यांपर्यंत उतरतो. पाच मिनिटांचे हे काम राउटर बदलून मिळणाऱ्या फायद्याहून अधिक फळ देते.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ असल्याचे सांगितले जाते आणि ते खरेही आहे, परंतु ती जागा रुंदीच्या मोहात कशी आटते ते पाहण्याजोगे आहे. स्वस्त राउटरांत बहुधा ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ एवढीच चॅनेले मिळतात. त्यांत २० मेगाहर्ट्झची नऊ, ४० ची चार आणि ८० ची अवघी दोन बसतात. म्हणजे वरच्याच कल्पित चाळीत २० मेगाहर्ट्झ ठेवल्यास एका चॅनेलवर चार-पाच बिऱ्हाडे येतात, ४० ठेवल्यास दहा आणि ८० ठेवल्यास वीस. यावर कोणी म्हणेल की चौपट रुंदीत काम चौपट वेगाने उरकते, तेव्हा वीस जणांनी वाटून घेतले तरी हिशेब तोच राहतो. कागदावर हा आक्षेप बिनतोड आहे आणि भर दुपारी, शेजारी कामावर गेलेले असताना, रुंद चॅनेल खरोखरच सरस ठरते. मात्र प्रत्येक संदेशाआधीची वाट पाहण्याची वेळ, सुरुवातीची ओळख आणि पोच मिळण्याचा अवधी रुंदी वाढली म्हणून आखडत नाही, आणि वीस जणांच्या रांगेत हा वरखर्च व टकरी दोन्ही वाढतात. शिवाय रुंदी दुप्पट झाली की ऐकणाऱ्याच्या कानात शिरणारा औष्णिक गोंगाट तीन डेसिबलने वाढतो: २० मेगाहर्ट्झला तो उणे १०१ डीबीएम असतो, ८० ला उणे ९५ आणि १६० ला उणे ९२; तीच शक्ती अधिक रुंदीत पसरल्याने भिंतीपलीकडे पोहोचणारा सिग्नल तेवढाच उघडा पडतो. रात्री नऊ ते अकरा या वेळेत, जेव्हा प्रत्येक खोलीत मालिका किंवा सामना चालू असतो, तेव्हा तक्रार याच कारणाने येते.

गरजेचा हिशेबही करून पाहावा. दोन अँटेनांचे वायफाय ६ उपकरण २० मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला २८७ मेगाबिटपर्यंतच्या वेगाने जोडले जाते, आणि त्यातले अर्धे जरी प्रत्यक्षात हाती लागले, तरी चाळीत सर्रास घेतला जाणारा १०० मेगाबिटचा प्लॅन त्यात पूर्ण भागतो. ८० मेगाहर्ट्झवरचा १,२०१ मेगाबिटचा आकडा अशा गिऱ्हाइकाला फक्त स्पीडटेस्टच्या सुईपुरता उपयोगी, आणि ती सुईही प्लॅनच्या पुढे जात नाही.

मधल्या ५२ ते १४४ या चॅनेलांकडे पाठ फिरवण्याची सवयही सोडावी. त्या भागात रडारही चालतात, म्हणून राउटरला तिथे बोलण्याआधी एक मिनिट नुसते ऐकावे लागते आणि रडारची चाहूल लागताच जागा सोडावी लागते. या उशिराला कंटाळून कारागीर ती चॅनेले बंद करतात. हवामान खात्याचे कुलाब्याचे डॉप्लर रडार एस-बँडमध्ये, म्हणजे वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याबाहेर काम करते. २०२२ मध्ये सुरू झालेले अंधेरीजवळच्या वेरावलीचे रडार मात्र सी-बँडमधले आहे, म्हणजे गाठ त्याच्याशी पडू शकते. फणसवाडीच्या तळमजल्यावर, चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या खोलीत ही चॅनेले टिकतात की नाही ते दोन दिवस लावून पाहिल्याशिवाय ठरवू नये, आणि टिकली तर नवाच्या जागी सुमारे दोन डझन जागा हाती येतात.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा काढला, त्यात २० मेगाहर्ट्झची चोवीस चॅनेले बसतात; ३२० मेगाहर्ट्झचे मात्र एकच बसते, आणि वायफाय ७ चे खोके तोच आकडा मोठ्या अक्षरात मिरवते. पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या टॉवरांचा न्याय अर्थातच वेगळा: तिथल्या सलग काँक्रीटच्या भिंती शेजाऱ्याला बाहेर ठेवतात, तेव्हा ८० मेगाहर्ट्झ बिनदिक्कत वापरावे, आणि चाळीतून तिथे गेलेल्या गिऱ्हाइकाच्या राउटरची शक्तीही पुन्हा चढवून द्यावी.

चाळीतल्या चाळीस राउटरांमागे चार-पाच वेगवेगळ्या कंपन्या असतात, आणि त्यांच्यात कोणतीही समजूत नसते. तरीही जिन्याखाली, मीटरबोर्डाशेजारी, जिथे सगळ्यांच्याच फायबरच्या डब्या ठोकलेल्या असतात, तिथे खोली क्रमांक, चॅनेल, रुंदी आणि शक्ती यांचा एक कागद लावणे कोणालाही शक्य आहे, आणि पुढे येणाऱ्या कारागिराने त्यात आपली ओळ जोडावी. त्या कागदावर ‘ऑटो’ हा शब्द नसावा, कारण वीज जाऊन परत आली की ‘ऑटो’वरचे सगळे राउटर एकाच क्षणी जागे होतात, एकाच क्षणी शांत हवा ऐकतात आणि त्यांतले बरेचसे एकाच चॅनेलवर जाऊन बसतात.