तळे म्हणायचे की धरण?

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सुट्टीचा पत्ता गेल्या तीन-चार दशकांत बदलला आहे. एके काळी सुट्टी लागली की मुले मामाच्या गावाला जात. तेथे पाहण्यासारखे असे काही नसे. विहीर, गोठा, माळ्यावरची आंब्याची अढी आणि ओटीवर निजलेली माणसे एवढाच त्या सुट्टीचा ऐवज. आता मामाही शहरातच राहतो. त्यामुळे जोडून आलेल्या रजा, चारचाकी, घाटरस्ता आणि घाटापलीकडचे पाणी असा सुट्टीचा नवा नकाशा तयार झाला आहे. पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा, तापोळा ही त्या नकाशावरची ठिकाणे. डोंगर आणि पाणी एकत्र दिसते, मुलांना नाव वल्हवता येते आणि सोमवारी कामावर रुजू होता येते. यात गैर काहीच नाही. आमची तक्रार या सुट्टीबद्दल नाही, या सुट्टीविषयी आपण जी भाषा वापरतो तिच्याबद्दल आहे. आणि भाषेचा प्रश्न असल्यामुळे तो मराठीच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी आपला मानावा, असे आम्हांला वाटते.

मराठीत साठलेल्या पाण्याला शब्दांची वाण नाही. डोह, कुंड, तळे, तलाव, सरोवर, जलाशय, धरण या प्रत्येक शब्दाची छटा निराळी. डोह नदीचा असतो, कुंड देवळाचे असते, तळे गावाचे असते. 'तळे राखील तो पाणी चाखील' या म्हणीत तळ्याला राखणदार आहे आणि राखणदाराला पाण्यावर हक्क आहे. 'धरण' हा शब्द मात्र यांहून वेगळा आहे. तो 'धरणे' या क्रियापदातून आला आहे आणि क्रियापद म्हटले की कर्ता आलाच. पाणी कोणी धरले, कोणासाठी धरले आणि धरताना काय बुडाले, हे प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहेत. (त्याच क्रियापदातून निषेधाला बसण्याचे 'धरणे'ही आले आहे, हे ध्यानात ठेवावे.) आज पर्यटनाच्या जाहिरातींत, प्रवासलेखांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'धरण' हा शब्द मागे पडून त्याच्या जागी 'लेक' आणि 'बॅकवॉटर' आले आहेत. ज्याला कर्ता आहे असा शब्द गेला आणि ज्याला नुसते दृश्य आहे असा शब्द आला. हा बदल वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

डोंगर आणि सरोवरे यांची जी प्रतिमा आपल्या मनात आहे ती मुळात सह्याद्रीची नाही. इंग्रजी काव्य शिकलेल्या आपल्या पिढ्यांनी ती इंग्लंडच्या 'लेक डिस्ट्रिक्ट'मधून, वर्डस्वर्थच्या प्रदेशातून उचलली. तेथील सरोवरे हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत साठली आहेत. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांचा, नद्यांनी कापलेला डोंगर आहे. त्याच्या अंगावर हिमनद्या कधी वाहिल्या नाहीत, त्यामुळे अशी विस्तीर्ण नैसर्गिक सरोवरे त्याला लाभली नाहीत. आपण घाटमाथ्यावर जे मोठे पाणी पाहतो ते जवळजवळ सगळे अडवलेले पाणी आहे. गंमत अशी की, ज्या प्रदेशावरून आपण ही प्रतिमा उचलली तोही या बाबतीत पुरता निर्दोष राहिलेला नाही. मँचेस्टर शहराच्या तहानेसाठी १८९४ मध्ये थर्लमिअर सरोवराचे पाणी वळवण्यात आले आणि पुढे १९३० च्या दशकात हॉजवॉटरच्या वाढलेल्या पाण्याखाली मार्डेल हे गाव गेले. अवर्षणाच्या वर्षी त्या गावाच्या दगडी भिंती वर येतात आणि लोक त्या पाहायला जमतात.

आता आपल्याकडे पाहू. महाबळेश्वरचे वेण्णा तळे साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवले. ते आकाराने लहान आणि हेतूने स्थानिक. भंडारदऱ्याला प्रवरेवर १९२६ मध्ये पुरे झालेल्या धरणाला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले. मुळशीचा इतिहास तर सर्वश्रुत असायला हवा. टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी नीला आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधायला घेतले गेले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह पुकारला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. धरण झाले, वीज मुंबईला गेली. धरणाविरुद्धच्या जगातील अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत याची गणना होते. तरीही मुळशीच्या काठी सुट्टी घालवून आलेल्या किती कुटुंबांच्या बोलण्यात हा सत्याग्रह येतो? 'लेक व्ह्यू' खोलीच्या खिडकीतून तो दिसत नाही, हे खरे. पण तो दिसू नये अशीच त्या खिडकीच्या नावाची रचना आहे.

मागे एका उन्हाळ्यात आम्ही दोघे, दोन्ही मुले आणि आजी असे तापोळ्याला गेलो होतो. महाबळेश्वराहून डोंगर उतरून गेले की शिवसागर जलाशयाच्या काठी हे गाव आहे. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचे पाणी तेथे एकत्र येते. रस्त्यावरच्या फलकांवर त्याला 'मिनी काश्मीर' म्हटलेले असते. नाव मध्यावर आली तेव्हा नावाडी दादांनी सहज बोलावे तसे सांगितले, "ह्या इथं खाली आमच्या आज्याचं शेत हाय. उन्हाळ्यात पाणी लई हटलं की बांध दिसत्यात." आजींनी "मग तुम्ही आता कुठं राहता?" असे विचारले. त्यांनी वल्हे तसेच धरून वरच्या डोंगराकडे हनुवटीने खूण केली. शाळा सुरू झाल्यावर धाकटीने 'आमची सहल' या निबंधात निळ्या पाण्याच्या, करवंदांच्या आणि नावेच्या वर्णनाबरोबर हे वाक्यही लिहिले. वही तपासून आली तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द: 'विषयांतर'.

त्या शिक्षिकांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी प्रवासवर्णनाचा जो आदर्श शिकला तोच लावला आणि तो आदर्श आपल्याच वर्गांतून बाहेर पडलेला आहे. प्रवासवर्णनात निसर्ग यावा, प्रवाशाचे मन यावे, थोडा विनोद यावा आणि शेवटी परतीची हुरहूर यावी, असे आपण वाङ्मयप्रकाराची लक्षणे सांगताना शिकवत आलो. विस्थापन हा 'सामाजिक कादंबरी'चा विषय, म्हणून तो दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत. धरणग्रस्तांच्या वाताहतीवरील विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आपण साहित्य अकादमी पुरस्काराच्या उल्लेखासह शिकवतो, तिच्यावर टिपा लिहून घेतो. आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांची सहल एखाद्या धरणाच्या काठी नेतो. दोन्ही पाणी एकच आहे, हे कोणी कोणाला सांगत नाही. वाङ्मयप्रकारांची ही वाटणी अभ्यासाच्या सोयीची असेल, पण तिची किंमत अशी की दुःख कादंबरीच्या वाट्याला आणि सौंदर्य प्रवासवर्णनाच्या वाट्याला गेले. दोघांची गाठ पडली तर आपण तिला विषयांतर म्हणतो.

यावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार करायला हवा. पहिला आक्षेप: माणूस सुट्टीवर विसाव्यासाठी जातो, प्रत्येक पाण्याकाठी शोकसभा भरवायची काय? मुळीच नाही. रायगडावर जाणारा माणूस इतिहास आठवतो म्हणून त्याची सहल बिघडत नाही, उलट तिला वजन येते. मग मुळशीचा इतिहास आठवल्याने ती का बिघडावी? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पवना, पानशेत यांचे पाणी आपणच पितो. सुमारे १०५ टीएमसी पाणी साठवणाऱ्या कोयनेच्या धरणामुळे जो वीजप्रकल्प उभा राहिला त्याची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे, आणि हा लेखही विजेवरच लिहिला जातो आहे. धरणे नकोत असे म्हणणे आम्हांला परवडणारे नाही आणि आम्ही ते म्हणतही नाही. पण ज्याचा लाभ घ्यायचा त्याचा उगम विसरायचा, याला कृतज्ञता म्हणत नाहीत. तिसरा आक्षेप बुडालेल्या गावांविषयीच्या हळवेपणाचा. ती गावे काही गोकुळ नव्हती. तेथे दारिद्र्य होते, जातींच्या उतरंडी होत्या, पावसाळ्यात जगाशी तुटलेला संबंध होता. हेही मान्य. परंतु गाव सोडण्याचा निर्णय गावाने करणे आणि तो गावावर लादला जाणे यांत फरक आहे. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ मध्ये. कोयनेचे पाणी त्याच्या दशकभर आधीच चढले होते. कोयना धरणग्रस्तांना आपल्या मागण्यांसाठी या शतकातही आंदोलने करावी लागली आहेत, म्हणजे विषय जुना झालेला नाही.

उलट तो नव्याने उभा राहतो आहे. कोयनेच्या खोऱ्यात 'नवीन महाबळेश्वर' या नावाचा गिरिस्थान-प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. या खोऱ्यातील माणसे आधी पाण्याने वर सरकली. पुढे कोयनेचे अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा वन्यजीवांसाठी काही गावे पुन्हा हलवण्याचा प्रश्न आला. आता पर्यटन येते आहे. त्यातून रोजगार येईल, नावाड्याच्या मुलाला कदाचित मुंबई गाठावी लागणार नाही. तसे झाले तर उत्तमच. पण ज्या प्रदेशाचे नावच 'नवीन' ठेवले जाते, त्याच्या जुन्या नावांचे काय होते हे भाषेच्या अभ्यासकाने विचारायला नको काय? गावांची, शिवारांची, पाणवठ्यांची, देवराईंची ही नावे शब्दकोशांत सहसा सापडत नाहीत. ती फक्त माणसांच्या तोंडी असतात आणि ती माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. दहा वर्षांनी हे काम करू म्हटले तर विचारायला कोणी उरणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन लिहायला सांगताना एक अट घालावी. ज्या पाण्याकाठी तुम्ही कुटुंबासह सुट्टी घालवलीत, त्या पाण्याखालच्या एका तरी गावाचे नाव शोधून काढा. तेथे जन्मलेले कोणी भेटले तर त्यांना त्यांच्या शिवाराची नावे विचारा आणि ती त्यांच्याच उच्चारात लिहून आणा. शोध फार अवघड नाही. पवनेच्या जलाशयात वाघेश्वराचे जुने मंदिर आहे. पावसाळ्यात जलाशय भरला की ते पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा उघडे पडते. काठावर तंबू ठोकून राहणाऱ्यांनी चार पावले चालून तेथे जावे आणि पूर्वी तेथे कोण येत असे, हे आसपासच्या वस्तीत विचारावे. मुलांना हे सांगितल्याने त्यांची सुट्टी काळवंडते, हा मोठ्यांचा समज आहे. पाण्याखाली गाव आहे हे ऐकून मूल घाबरत नाही. ते वाकून पाहते आणि पुढचा प्रश्न विचारते.

त्या प्रश्नाला उत्तर देता यावे एवढी तयारी आपण, म्हणजे आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी, करायची आहे. मामाच्या गावाला जाण्याची सुट्टी संपली याची हळहळ आपल्या पिढीने पुष्कळ केली. आपल्या नव्या सुट्टीचे पाणी ज्यावर साठले आहे तेही कोणाच्या तरी मामाचे गाव होते. त्याला धरण म्हणावे, त्याच्या खालच्या गावाला त्याच्या नावाने हाक मारावी आणि निबंधात ते वाक्य आले तर समासात 'विषय' असे लिहावे.