पगच्या श्वासाचे बिल कुणाच्या नावावर?

मे महिन्यात दवाखान्यात येणाऱ्या पगांची मोजदाद मी कधीच सोडून दिली आहे. दुपारी उन्हात फिरवून आणलेला, जीभ निळसर पडलेला, जागेपणीही घोरणारा कुत्रा टेबलावर ठेवला जातो. आम्ही त्याला पाण्याने आणि पंख्याने थंड करतो, ऑक्सिजन लावतो. परवा असाच एक पग सावरल्यावर त्याच्या मालक काकांनी विचारले, ‘‘डॉक्टर, माणसांच्या एवढ्या रोगांवर संशोधन होतं, मग यांच्यावर कुणी का करत नाही? सरकारनं थोडे पैसे द्यायला काय हरकत आहे?’’

संशोधन होते, हे मी त्यांना सांगितले. पगची कवटी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केली गेली, पण आतली टाळू आणि जीभ त्या प्रमाणात लहान झाली नाही. तेवढ्याशा जागेत ती कोंबली जाते आणि हवेची वाट अडते. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी यावर अनेक वर्षे काम केले. कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवायचे आणि आधी-नंतर त्याचा श्वास स्टेथोस्कोपने ऐकायचा, अशी साधी चाचणी त्यातून तयार झाली. तिथला केनेल क्लब २०१९ पासून ती वापरतो. सरकारच्या पैशांबद्दलचे उत्तर मात्र मी टाळले, कारण ते टेबलापाशी उभे राहून देण्याजोगे नव्हते.

माझे मत स्पष्ट आहे. जातिवंत कुत्र्यांना त्यांच्या जातिवंतपणामुळेच जे आजार होतात, त्यांच्या संशोधनाचा खर्च आधी त्या कुत्र्यांच्या पैदाशीवर, विक्रीवर आणि नोंदणीवर कमावणाऱ्यांनी उचलावा. करदात्याचा नंबर नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. कुत्र्यांवर खर्च करायला सरकारी तिजोरीत पैसा असेल, तर तो कुठे जायला हवा हे वेगळे सांगायला नको.

याला अपवाद आहे आणि तो मोठा आहे. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो अमेरिकी सरकारच्या पैशातून. तो खर्च श्वानप्रेमापोटी झाला नव्हता. एकेका जातीचे कुत्रे एकमेकांचे जवळचे नातलग असतात, त्यामुळे त्यांच्यात रोगाचे जनुक शोधणे सोपे जाते आणि ते बरेचदा माणसातही तेच काम करत असते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बसल्या जागी झोपेने कोसळणाऱ्या डॉबरमनचा अभ्यास केला. १९९९ मध्ये त्यांना जे जनुक सापडले, त्याने माणसातल्या नार्कोलेप्सीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. अशा कामाला सरकारी पैसा जरूर द्यावा.

पण पैसा आला की प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी डाल्मेशियनची गोष्ट ऐकावी. ठिपक्यांच्या या देखण्या कुत्र्याच्या लघवीत युरिक अॅसिड जास्त उतरते. एखाद-दुसऱ्याच्या नाही, पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखलेल्या सगळ्यांच्याच. त्यातून मूतखडे होतात, नरांची लघवी तुंबते आणि वेळेत उपचार न झाल्यास कुत्रा दगावतो. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने उपाय केला. त्यांनी एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत युरिक अॅसिड कमी असलेली पिल्ले निवडून ती पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवली. पाचव्या पिढीपर्यंत दिसायला पक्के डाल्मेशियन, पण लघवी निरोगी! १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंदणी केलीही. मग डाल्मेशियनवाल्यांच्या क्लबातून विरोध झाला, रक्त अशुद्ध झाल्याची ओरड झाली आणि नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले.

मधल्या काळात काय झाले? २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी त्या दोषाचे नेमके जनुक शोधून काढले. ज्या कुळाला नोंदणी नाकारली होती, त्याच संकरित कुळातल्या कुत्र्यांच्या नमुन्यांची या शोधाला मोठी मदत झाली. माणसाच्या रक्तातले युरिक अॅसिड आणि गाउटशीही त्या जनुकाचा संबंध आहे, हे त्याच वर्षी पुढे आले. विज्ञानाचे भले झाले, पण उपाय हाताशी असताना तीस वर्षे डाल्मेशियन खडे पाडत राहिले. ती तीस वर्षे पैशांवाचून गेली नाहीत, अभिमानापायी गेली.

म्हणूनच पैसे देणाऱ्याने प्रश्न ठरवू नयेत, असे मला वाटते. केनेल क्लब काहीच देत नाहीत असे नाही. अमेरिकन क्लबने १९९५ मध्ये कुत्र्यांच्या आरोग्यासाठी वेगळे प्रतिष्ठान काढले, त्यातून चांगले संशोधनही झाले. पण क्लबच्या पैशातून ‘या जातीचे जनुक शोधा’ असे सहज सांगितले जाते, ‘या जातीचा चेहराच बदला’ असे म्हणणे जड जाते. औषधे आणि खाद्य विकणाऱ्या कंपन्यांचेही तसेच आहे. मूतखड्याचे पथ्याचे खाद्य बनवणाऱ्याला निरोगी डाल्मेशियन गिऱ्हाईक म्हणून काय कामाचा? आणि निव्वळ देणग्यांवर विसंबावे, तर तीही वाट कच्ची. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटचे अॅनिमल हेल्थ ट्रस्ट कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांच्या चाचण्यांसाठी जगभर नावाजलेले होते. २०२० मध्ये पैशाअभावी ते बंद पडले.

राहिला मालक. तो पिल्लाची किंमत मोजतो, मग आयुष्यभर आमची बिले भरतो. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांवर गोल्डन रिट्रीव्हरचा जन्मभराचा अभ्यास चालू आहे. त्यात मालक दरवर्षी कुत्र्याला तपासणीला नेतात, नमुने देतात, लांबलचक प्रश्नावल्या भरतात. मालकाकडून आणखी किती घ्यायचे?

आपल्याकडे पगचे वेड २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पसरले, हे त्या पिढीला आठवत असेल. आज पिल्लू घेताना लोक ‘पेपर आहेत का’ असे विचारतात. म्हणजे केनेल क्लबची वंशावळ. त्या कागदासाठी जास्त पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार असते, मात्र आई-बापांचा श्वास तपासला होता का, हे त्या कागदावरून त्याला कळत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्याच चौकटीत प्रत्येक पिल्लामागे ठरावीक रक्कम घेता येईल. ती पैदासकाराने आणि नोंदणी करणाऱ्या क्लबने मिळून भरावी. ती कुठे खर्चायची हे पशुवैद्यकीय विद्यापीठांनी ठरवावे, क्लबांनी नव्हे. आणि सुरुवात महागड्या जनुकीय प्रयोगशाळेपासून नको. त्या तीन मिनिटांच्या दुडक्या चालीपासून, आपल्या हवेत, आपल्या उन्हाळ्यात.

पिल्लू थोडे महाग होईल, अशी तक्रार येईलच. त्या काकांचा पग तीन वर्षांचा आहे. लांबलेल्या टाळूची शस्त्रक्रिया करावी लागेल, हे मी त्यांना सांगितले आणि खर्चाचा आकडाही सांगितला. पिल्लाच्या किमतीहून तो बराच मोठा होता. ‘‘ज्याच्याकडून आणला त्याला फोन करून बघतो,’’ असे म्हणत ते बाहेर गेले. काचेतून दिसत होते. त्यांनी दोनदा नंबर लावला आणि मग फोन खिशात ठेवून पगला उचलून घेतले.